हाक न मारता तोडलेलं पाणी

सकाळचे सहा वाजून गेले होते, तेव्हा धाकट्याने थोरल्याच्या डोक्यात फावडं घातलं.

फावड्याची धार लागली नाही, पाठ लागली. आवाजही फारसा झाला नाही. ओल्या कपड्यावर धोपाटणं पडावं तेवढाच. थोरला दोन्ही गुडघ्यांवर बसला, पाटाचं पत्र्याचं दार नीट बसलंय का ते वाकून बघत असावा तसा, आणि मग तोंडावर पाटात पडला. पाण्याने त्याच्या कानामागचं रक्त ओढून घेतलं आणि पुढे नेलं.

त्यांची बहीण तेव्हा आपल्या पट्ट्यात तण काढत होती. दोन भावांच्या मधली म्हणून तिला लहानपणापासून सगळे मधलीच म्हणत. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, वडिलांनी जमिनीचे तीन पट्टे करून मधला तिला दिला, आणि ते नाव कायमचं चिकटलं. वरचा पट्टा थोरल्याचा, खालचा, शेवटचा, धाकट्याचा. तिन्ही पट्ट्यांत यंदा घेवडाच होता. ती वरंबे तुडवत, फुलावर आलेली रोपं पायाखाली मोडत धावली.

"छोट्या! ठेव ते खाली!"

धाकट्याने फावडं पुन्हा वर नेलं होतं. तिने मध्ये हात घातला. दुसरा घाव तिच्या डाव्या हातावर, कोपराखाली बसला. तिला दुखलं नाही. फक्त बोटं आपली राहिली नाहीत असं वाटलं. उजव्या हाताने तिने चिखल उचलला आणि त्याच्या डोळ्यांत फेकला. तो आंधळ्यासारखा मागे सरकला, पाय घसरून बांधावर आपटला, आणि तिथूनच ओरडायला लागला.

"चोर! माझ्या पाण्याच्या पाळीत माझं दार लावतो! सख्खा भाऊ आणि चोर!"

"त्याचं तोंड पाण्यात आहे, छोट्या."

"असू दे! पिऊ दे पाणी! एवढी तहान लागली होती ना!"

तिने एका हाताने थोरल्याची कॉलर धरून ओढलं. तो हलला नाही. थोरला अंगाने दांडगा होता आणि ओल्या कपड्यांनी आणखी जड झाला होता. तिने दुसऱ्यांदा ओढलं. मग शेजारून शिव्यांचा आवाज जवळ आला, आणि ज्याने मारलं होतं त्यानेच वाकून थोरल्याचे पाय धरले. दोघांनी मिळून त्याला बांधावर घेतलं. धाकट्याच्या तोंडातून शिव्या थांबल्या नव्हत्या. पण थोरल्याचं डोकं दगडावर टेकणार असं दिसताच त्याने आपला पाय मध्ये सरकवला.

दूधवाल्याचा टेम्पो रस्त्यावरून चालला होता. त्याने कॅन तिथेच उतरवले आणि थोरल्याला मागे घेतलं. थोरली वहिनी घरातून अनवाणी पळत आली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. टेम्पोत आणखी कुणाला जागा नव्हती. धाकटा बांधावर बसून राहिला, गुडघ्यांत डोकं खुपसून. फावडं त्याच्या पायाशी होतं.

टेम्पो वळणाआड गेला आणि मधलीला पाण्याचा आवाज आला.

शेवटचं दार थोरल्याने लावलं होतं. त्यामुळे पाट धाकट्याच्या पट्ट्यात न वळता सरळ पुढे जात होता आणि शेताबाहेरच्या चरात पडत होता. चांगलं भरलेलं पाणी. ते नुसतं वाहून जात होतं.

वडिलांनी तिन्ही मुलांना सारखाच मार दिला होता, आणि बहुतेक वेळा तो चरात गेलेल्या पाण्यासाठी दिला होता. मधलीने विचार केला नाही. तिने धाकट्याच्या पायाशी पडलेलं फावडं उचललं; त्याने मान वर केली नाही. डावा हात लोंबकळत ठेवून ती पाटाच्या कडेकडेने वर गेली आणि थोरल्याच्या पट्ट्याचं दार उघडलं. पुढचा पाट मातीने बांधला. थोरल्याचा घेवडा फुलावर होता. फुलावरच्या घेवड्याला ओढ बसली की फूल गळतं, आणि फूल गळलं की शेंग नाही. त्याची पाळी अजून यायची होती. आता त्याला शेतात येता येणार नव्हतं, तर निदान त्याच्या पिकाला तरी मिळावं, असं काहीसं तिच्या मनात असेल. सरीतून पाणी पुढे सरकताना ती थोडा वेळ बघत उभी राहिली.

पोलीस आले तेव्हा ऊन चढलं होतं. एक साहेब आणि एक हवालदार. तोवर बांधावर माणसं जमली होती. धाकटा स्वतःच उठून जीपमध्ये जाऊन बसला होता, मागच्या बाकावर, लग्नाच्या वऱ्हाडातली जागा धरावी तसा कोपऱ्यात.

साहेबांनी शेवटचं दार बघितलं, रक्त बघितलं, मग पाटाने वर गेले. थोरल्याच्या पट्ट्यात पाणी दुसऱ्या टोकापर्यंत पोचलं होतं.

"आज पाळी कुणाची?"

"धाकट्याची," बघ्यांपैकी ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"मग पाणी इथं कसं?"

जीपमधून धाकट्याचा आवाज आला.

"बघा! बघा साहेब! मी काय खोटं बोलत होतो?"

"थोरल्यावर भरवसा होता राव," ट्रॅक्टरवाला हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "पण पाणी दिसलं की भल्याभल्यांचा हात सुटतो."

मधलीने तोंड उघडलं. त्याच वेळी धाकट्याने जीपच्या जाळीतून तिच्याकडे बघितलं. लहानपणी काच फुटली, बैल सुटला, दूध उतू गेलं, की वडील विचारायचे आणि धाकटा असंच तिच्याकडे बघायचा. तो चेहरा आता चाळिशीला आला होता, दाढी पांढरी झाली होती, बघणं तेच होतं.

"बाई, तुम्ही काही म्हणत होता?" साहेबांनी विचारलं.

"हात दुखतोय," ती म्हणाली.

"आधी दवाखान्यात जा. जबाब संध्याकाळी ठाण्यावर घेऊ." साहेबांनी चरापर्यंत जाऊन यायचे कष्ट घेतले नाहीत. हवालदाराने लिहून घेतलं: पाणी वरच्या पट्ट्यात.

दवाखान्यात तिच्या हाताला फळी बांधून झाली. थोरल्याला आत नेलं होतं. कवटीला तडा आहे, आत रक्त साकळलंय, उघडून काढावं लागेल, एवढं डॉक्टर सांगून गेले होते. वहिनी बाकावर ताठ बसली होती. तिच्या लुगड्याच्या निऱ्या रक्ताने कडक झाल्या होत्या. शेजारी तिचा मुलगा, मधलीचा भाचा, भिंतीला कपाळ टेकून उभा होता. चांगला दांडगा, बापासारखाच. येत्या वर्षात त्याचं लग्न करायचं चाललं होतं.

"तू होतीस ना तिथं?" वहिनीने विचारलं.

"मी पोचेपर्यंत मारलं होतं."

"लोक म्हणतायत हे पाणी चोरत होते. दूधवाला फोनवर बोलताना ऐकलं मी. अजून पुरते मेले पण नाहीत आणि चोर ठरले." तिचा आवाज चढला नाही. "काल रात्री डोळ्याला डोळा नाही त्यांच्या. एकच चालू होतं, छोट्याचं पीक जाणार, मुळं कुजलीत, गाढव पाण्यावर पाणी देतोय. मी म्हटलं, जाऊ द्या ना, तो ऐकतो का तुमचं. म्हणाले, मधलीकडून सांगून झालं. आता हातानेच तोडतो."

मधलीने बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला.

"तू सांगितलं होतंस ना त्याला?"

"सांगितलं होतं," मधली म्हणाली.

पेरणीच्या वेळी दोघा भावांचं बोलणं तुटलं होतं. धाकट्याचा पट्टा खोलगट, चिकण मातीचा. तिथे पाणी बसून राहतं. तिथे घेवडा लावू नको, असं थोरल्याने सांगितलं. सांगायची त्याची पद्धत अशी की चारचौघांत म्हणाला, "डबक्यात घेवडा लावणारा शहाणा आमच्याच घरात निघाला." धाकट्याने बियाण्याची पाटी त्याच्या छातीवर फेकली. थोरल्याने त्याची मान धरली आणि डोकं पाटात बुडवलं, दोनदा, पोहायला शिकवताना बुडवायचा तसं. माणसं हसली. धाकटा नाकातोंडातून पाणी काढत घरी गेला आणि त्याने त्याच डबक्यात घेवडा लावला. तेव्हापासून दोघांचं जे काही होतं ते मधलीमार्फत.

मधलीचं काम अवघड होतं आणि ती त्यात तरबेज झाली होती. थोरला म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, त्याची जनावरं माझ्या बांधावर दिसली तर शिंगं काढून हातात देईन." मधली धाकट्याला सांगायची, "दादा म्हणतो, जनावरं जरा आवर." धाकटा म्हणायचा, "बांध काय त्याच्या बापाचा आहे?" "बाप एकच आहे रे तुमचा," ती म्हणायची, आणि थोरल्याला जाऊन सांगायची, "हो म्हणाला." दोन्हीकडे तिला चहा मिळायचा. दोन्हीकडे डोकी शाबूत होती.

परवा थोरल्याने तिला बांधावर गाठलं होतं. खाली धाकट्याच्या पट्ट्याकडे त्याने बोट केलं. मग म्हणाला, "मधले, त्याला सांग, पाणी तोड. दुपारी पानं मान टाकतात ती तहानेने नव्हे. खाली मुळं कुजलीत, त्यांना पाणी ओढवत नाही. जमीन वाफशावर येऊ दे, माती मुठीत दाबून सुटते का बघ, मग पाणी दे. आणि हेही सांग, त्याने तोडलं नाही तर मी येऊन तोडीन. हाक मारणार नाही. त्या माणसाला हाक मारायला माझी जीभ वळत नाही."

हाकेचा नियम वडिलांचा. दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा तर आधी मोठ्याने म्हणायचं, "पाणी तोडतोय रे!" त्याने तिकडून "तोड!" म्हणायचं, मगच हात लावायचा. ओ आली नाही तर आल्या पावली परत. अंधार असो, धुकं असो, दोघांचं वाकडं असो. हाक न मारता दाराशी वाकलेला माणूस चोर, मग तो कुणीही असो.

मधलीची जमीन वाळूमिश्रित, पाणी पडलं की निचरून जाणारी. कुजलेलं मूळ तिने कधी बघितलं नव्हतं. थोरल्याला धाकट्याचं काहीच पटत नाही, त्यातलाच हा प्रकार, असं तिला वाटलं. धाकटा जेवत होता. ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "दादा म्हणतो, पिकाकडे लक्ष दे. पानं मान टाकतायत."

"मला दिसतंय," धाकटा म्हणाला होता. "या पाळीला दुप्पट भरतो."

धाकट्याची बायको चहाचा थर्मास घेऊन आली तेव्हा दवाखान्याच्या बोळात गर्दी झाली होती. ती वहिनीसमोर उभी राहिली. काय बोलावं हे तिने रस्त्यात ठरवलं असणार, पण ते तिला आठवलं नाही.

"थोडा चहा घ्या, जाऊबाई."

वहिनीने तिच्या थोबाडीत दिली. थर्मास खाली पडून आतली काच फुटली.

"माझा माणूस आत डोकं उघडून पडलाय, आणि तुझा बाहेर त्याला चोर म्हणतो?"

"पाणी तुमच्या शेतात सापडलं," धाकटी गालाला हात लावून म्हणाली. "मी नेऊन टाकलं नव्हतं."

वहिनीने तिचे केस धरले. धाकटी किंचाळली आणि तिने वहिनीच्या मनगटाला दात लावले. मधली दोघींच्या मध्ये घुसली. कुणाचा तरी कोपर तिच्या फळी बांधलेल्या हातावर बसला आणि तिच्या डोळ्यांसमोर पांढरं झालं.

"बायांनो, बाहेर जाऊन भांडा," झाडूवाला म्हणाला. "इथं आधीच खाटा कमी आहेत." मग तो खाली बसून काचा गोळा करू लागला.

मधलीने मान वर केली तेव्हा भिंतीशी भाचा नव्हता.

ती शेतावर पोचली तेव्हा तो धाकट्याच्या पट्ट्यात अर्ध्यावर आला होता. हातात विळा होता, पण विळ्याने त्याचं समाधान झालं नव्हतं. विळा बांधावर फेकून तो दोन्ही हातांनी रोपं उपटत होता. घोट्यापर्यंत चिखलात. उपटायचा, मागे फेकायचा, पुढचं धरायचा. त्याच्या मागे सरीच्या सरी उघड्या पडल्या होत्या. प्रत्येक रोपाबरोबर त्याच्या तोंडातून एक शब्द निघत होता, तो तिला ओळखू आला नाही.

"बस कर."

"जवळ येऊ नको, आत्या."

"त्याची बायको-पोरं खाणार काय?"

"माझा बाप काय खाणार आता? नळीनं?" त्याने मूठभर रोपं उपटून तिच्या अंगावर फेकली. "चोर म्हणतात त्याला! सगळं गाव म्हणतंय! मी या पट्ट्यात काडी उभी ठेवणार नाही!"

तिने त्याचा शर्ट मागून धरला. त्याने हिसका दिला. ती चिखलात बसली आणि तो तिच्यावर धावून आला, मूठ आवळून, बापाच्याच चालीने. तिने हात वर केला नाही. मूठ तिच्या तोंडासमोर थांबली. मुठीत अजून एक रोप होतं.

दोघांना एकदमच वास आला.

घेवड्याच्या रोपाला जोर लावून उपटावं लागतं. मूळ माती धरून ठेवतं, सुटताना फाटल्यासारखा आवाज येतो. ही रोपं भातातली काडी काढावी तशी निघाली होती. भाच्याने मूठ उलटी करून बघितली. मुळं तपकिरी, बुळबुळीत होती. त्याने एक मूळ अंगठा आणि बोटात धरून ओढलं तशी वरची साल मोज्यासारखी निघून आली. आत दोऱ्यासारखी शीर राहिली. त्याने दुसरं रोप बघितलं. मग मागे जाऊन फेकलेल्यातलं एक. मग न उपटलेल्या सरीतलं एक, हळूच.

"हे तर आधीच मेलंय," तो म्हणाला.

मधलीने एक मूठ माती उचलून दाबली. बोटांच्या फटींतून पाणी आलं आणि गोळा सुटेना.

"बाबा हेच म्हणत होता ना?" भाचा तिथेच खाली बसला. हाताला लागलेली घाण तो पँटला पुसत राहिला. "मग काकाला कुणीतरी सांगायला नको?"

ती उठली. पाटाच्या कडेला गेली आणि शेवटच्या दारापाशी उभी राहिली. दार सकाळी थोरल्याने लावलं होतं तसंच होतं. त्याने पत्र्याच्या दोन्ही बाजूंना चिखल थापून बोटांनी दाबला होता. चिखल सुकत आला होता आणि बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

ठाण्यावर दिवे लागले होते. साहेब फोनवर होते. हवालदाराने तिला खूण करून कोठडीपाशी जाऊ दिलं. धाकटा गजांना पाठ लावून बसला होता. तिला बघून उठला.

"कसा आहे तो?"

"उघडून रक्त काढलं. शुद्ध नाही."

"मरणार नाही तो. त्याचं डोकं दगडाचं आहे. आणि हात कसा आहे तुझा? तू मध्ये कशाला आलीस पण, ताई? मी तुला मारायला नव्हतो आलो." मग जवळ येऊन हलक्या आवाजात: "साहेब म्हणतायत, पाणी त्याच्या शेतात मिळालं ते बरं झालं. चोरी करताना धरला, डोकं फिरलं, असं वकिलाला मांडता येतं. नाहीतर खुनाचा प्रयत्न. तू तेवढं सांग, तू बघितलंस म्हणून. त्याला पाणी वळवताना."

"त्याने नाही वळवलं."

"मग काय पाणी आपल्या पायाने चढावर गेलं?"

"मी वळवलं. टेम्पो गेल्यावर. तू गुडघ्यांत डोकं घालून बसला होतास. चरात चाललं होतं."

धाकट्याने गज धरले.

"चरात?"

"तुझं दार लावून त्याने पाणी चरात सोडलं होतं. तुझी मुळं कुजलीत. आज उपटून बघितली मी." ती गजांकडे न बघता बोलत होती, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी. "परवा त्याने निरोप दिला होता. त्याला सांग, पाणी तोड. पानं मान टाकतात ती तहानेने नव्हे. तोडलं नाहीस तर मी येऊन तोडीन. हाक मारणार नाही."

"तू म्हणालीस, लक्ष दे."

"हो."

"तू म्हणालीस, दादा म्हणतो पिकाकडे लक्ष दे!"

गजांमधून त्याचा हात आला आणि त्याने तिची मान धरली. तिचं कपाळ लोखंडावर आपटलं. तो आवळत होता, आणि त्याचा चेहरा इतका जवळ होता की त्याच्या दाढीतला सकाळचा सुकलेला चिखल तिला दिसला. हवालदार दांडा घेऊन धावला. दांडा मनगटावर पडला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा हात सुटला. धाकटा मागे गेला आणि त्याने स्वतःचं डोकं भिंतीवर आपटलं, मग आणखी एकदा, मोजून-मापून, जसा खुंटा ठोकतात. दोन शिपायांनी त्याला खाली दाबलं.

साहेबांनी तिला पाणी दिलं. गळ्यावरचे वळ बघितले.

"हेही लिहू का?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग घसा साफ करून म्हणाली, "वरच्या पट्ट्यात पाणी मी सोडलं. ते लिहा."

साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त दमले होते.

"बाई, नीट ऐका. हे लिहिलं की थोरल्याच्या नावावरचा डाग पुसला. पण धाकट्याच्या हातात मग काहीच उरत नाही. आणि देव न करो, तिकडे काही कमी-जास्त झालं, तर कलम बदलतं. लिहिल्यावर मला खोडता येणार नाही. आज तुमचं डोकं ठिकाणावर नाही. घरी जा. सकाळी या, आणि जे सांगायचं ते पूर्ण सांगा. अर्धवट नको."

"पूर्णच सांगते," ती म्हणाली, पण साहेब तोवर दुसऱ्या फोनला लागले होते.

सकाळी पाटाला पुन्हा पाणी आलं. पाळी धाकट्याचीच चालू होती. मधलीने आपल्या फावड्याने काल पाटात घातलेली माती काढली, वरचं दार लावलं आणि ती शेवटच्या दारापाशी गेली. गळा सुजला होता, गिळताना लागत होतं. उपटलेली रोपं पट्ट्यात जिथे पडली होती तिथेच काळी पडली होती; उरलेली उभी होती, सकाळच्या गारव्यात टवटवीत दिसत होती. दुपारी ती मान टाकणार होती.

पाणी दाराशी येऊन थटलं, थोडं चढलं, आणि पत्र्याला वळसा घालून चराकडे निघालं.

ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. दार कालच लागलं होतं; राहिली होती ती फक्त हाक. आवाज निघेल की नाही याची तिला खात्री नव्हती.

"छोट्या! पाणी तोडतेय रे!"

ती थांबली. खालच्या अंगाला धाकट्याचं घर होतं. दाराला कडी होती. त्याची बायको मुलांना घेऊन भावाकडे गेली होती. तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं. हाक पट्ट्यावरून पलीकडे गेली. ओ आली नाही. नियमाप्रमाणे आता आल्या पावली परत जायला हवं होतं.

"राहू दे बंद, आत्या."

भाचा वरच्या पट्ट्याच्या कोपऱ्यावर उभा होता. दवाखान्यातून कपडे न्यायला आला असावा. खांद्याला पिशवी होती. तो पुढे आला नाही.

"बाबा?" तिने विचारलं.

"तसाच आहे. बोट हलवलं म्हणतात. डॉक्टर म्हणतात, त्यावर जाऊ नका." त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आई विचारते, तू काकाला निरोप सांगितला होतास ना? नक्की?"

पाणी चरात पडत होतं. मधलीने फावडं बांधात रोवलं आणि पदर खोचला.

"मी ठाण्यावर चाललेय," ती म्हणाली. "तिथून दवाखान्यात येते. आईला सांग, मी येऊन सांगते."

"काय सांगू, काय म्हणालीस?"

"एवढंच सांग. जसं म्हणाले तसं."

दहाच्या सुमाराला ती ठाण्याच्या बाकावर बसलेली होती. साहेब अजून आलेले नव्हते. आतल्या कोठडीतून आवाज येत नव्हता. दवाखान्यातून फोन आलेला नव्हता.